जवानाचा भत्ता कुठल्या बँकेतून? बुरुंडी, युरोपियन युनियन आणि सोमालियातलं मिशन: एक प्रकरण अभ्यास

जानेवारी २०१७ मध्ये बुरुंडीचे राष्ट्राध्यक्ष पिएर न्कुरुन्झिझा यांनी आपल्या मंत्र्यांना सांगितलं, सोमालियातले आपले जवान परत आणायच्या तयारीला लागा. तिथं आफ्रिकन युनियनच्या शांतिसेनेत त्यांचे साधारण ५,४०० जवान होते आणि त्यांचा जवळजवळ वर्षभराचा भत्ता थकला होता. देणाऱ्याकडे, म्हणजे युरोपियन युनियनकडे, पैसे नव्हते असं अजिबात नाही. पैसे होते, द्यायची तयारी पण होती, पण ते कुठल्या वाटेने जवानापर्यंत जावेत यावर वर्षभर घोळ चालला आणि तो मिटेपर्यंत माणसं अल-शबाब या तिथल्या अतिरेकी संघटनेच्या समोर छावणीत बसून होती.

परदेशी लष्करी मदत म्हटलं की आपल्याकडे तोफा, ड्रोन, चिलखती गाड्या एवढंच डोळ्यासमोर येतं. पण आफ्रिकेतल्या मिशनमध्ये सगळ्यात जास्त भांडणं होतात ती भत्त्यावरून, आणि ते मला लगेच कळतं कारण माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे जवळपास घरटी एक फौजी, मनी ऑर्डरवर पोरांच्या फिया भरलेल्या, आणि आमचे थोरले काका काँगोतल्या यूएन मिशनला जाऊन आले त्या पैशातून आमच्या घराचा वरचा मजला चढला. त्यामुळे वर्षभर पैसेच आले नाहीत म्हणजे घरात काय होत असेल, याची कल्पना मला फार करावी लागत नाही. खाली जी नावं आहेत ती जाहीर पदांवरच्या माणसांची आहेत, जवानांची किंवा खालच्या अधिकाऱ्यांची एकही नाही.

पार्श्वभूमी

मिशनचं नाव ॲमिसोम. आफ्रिकन युनियनने जानेवारी २००७ मध्ये ते मंजूर केलं, फेब्रुवारीत यूएन सुरक्षा परिषदेने मान्यता दिली आणि मार्चमध्ये युगांडाचे पहिले जवान मोगादिशूत उतरले. ठरलं होतं ८,००० जवानांचं, पण नायजेरिया, घाना, मलावी यांनी शब्द दिला आणि कुणी आलं नाही. युगांडाच्या मदतीला दुसरा देश आला तो बुरुंडी, तोही वर्ष संपता संपता, डिसेंबर २००७ मध्ये.

बुरुंडीच का, हे समजून घ्यायला हवं. हा आकाराने आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा देश, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, १९९३ पासून २००५ पर्यंत हुतू आणि तुत्सी या दोन समाजांमधल्या यादवीत होरपळलेला. २००० च्या अरुशा शांतता करारातून वाट निघाली. त्यानंतर सैन्यात हुतू आणि तुत्सी निम्मे-निम्मे घ्यायचे ठरले, म्हणजे काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे आज एकाच बराकीत. शिवाय २००३ मध्ये आफ्रिकन युनियनने आपलं पहिलंवहिलं शांतता मिशन पाठवलं होतं ते बुरुंडीतच. ज्या देशात चार वर्षांपूर्वी दुसऱ्यांचे शांतिसैनिक होते तोच देश आता स्वतःचे शांतिसैनिक पाठवत होता, त्यामुळे तिथं या गोष्टीचा अभिमान खराखुरा होता. आणि सोमालियाच्या फेऱ्यांमुळे नव्या सैन्याला एक समान धंदा मिळाला. प्रत्येकाला वाटायचं आपला नंबर येईल, वर्षभर जाऊन येऊ, घर बांधू. हुतू असो की तुत्सी, सगळे त्या यादीकडे डोळे लावून. सैन्य एकत्र राहिलं त्यात या यादीचा वाटा मोठा होता असं बुरुंडीचा अभ्यास करणारे बरेच जण सांगतात आणि मला ते पटतं.

आता मिशनचा खर्च कोण काय उचलत होतं ते बघा, कारण सगळी गोम इथंच आहे. जवान आफ्रिकन देशांचे. रसद, म्हणजे रेशन, इंधन, तंबू, जखमींना विमानाने हलवणं, हे २००९ पासून यूएनचं एक खास कार्यालय बघायचं. जायच्या आधीचं ट्रेनिंग आणि बरंचसं सामान अमेरिका आणि काही युरोपीय देश द्यायचे. आणि जवानांचा महिन्याचा भत्ता युरोपियन युनियन द्यायचं, त्यांच्या आफ्रिकन पीस फॅसिलिटी नावाच्या फंडातून. हा फंड मूळ विकासनिधीतला, त्यातून बंदुका आणि दारूगोळा घ्यायला परवानगीच नव्हती, म्हणून युरोपने भत्त्याचा भार उचलला. २००७ ते २०१६ मध्ये एक अब्जाहून जास्त युरो या मिशनवर गेले.

भत्ता होता दर जवानामागे महिन्याला १,०२८ डॉलर. तो ठरला तेव्हा यूएनचा जो दर होता तोच. त्यातले साधारण २०० डॉलर बुरुंडी सरकार प्रशासकीय खर्च म्हणून कापून घ्यायचं आणि उरलेले ८०० च्या आसपास जवानाला. मायदेशातल्या पगाराच्या मानाने ही रक्कम प्रचंड. पैशाचा रस्ता असा: ब्रसेल्सहून अदिस अबाबाला आफ्रिकन युनियनकडे, तिथून बुरुंडीच्या मध्यवर्ती बँकेत, तिथून सरकार आणि शेवटी जवान. पैसा सरकारच्या हातून जाणं यात वावगं काही नव्हतं. यूएनच्या मिशनमध्ये भारताचे जवान जातात तेव्हा पण यूएन ठरलेला दर सरकारला देतं आणि सरकार आपल्या नियमाने जवानाला. फरक इतकाच की काकांचा पगार यूएनच्या हप्त्यावर अवलंबून नव्हता, हप्ता उशिरा आला तरी दिल्लीकडून त्यांचे पैसे वेळेवर पडायचे. बुरुंडीच्या तिजोरीत तेवढा दम नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

एप्रिल २०१५ मध्ये सत्ताधारी पक्षाने न्कुरुन्झिझांना तिसऱ्यांदा उमेदवारी दिली. अरुशा करारात दोनच टर्म असं विरोधकांचं म्हणणं, पहिल्या टर्मला संसदेने निवडून दिलं होतं त्यामुळे ती मोजायची नाही असं न्कुरुन्झिझांचं. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. १३ मे ला राष्ट्राध्यक्ष दार एस सलामला बैठकीला गेलेले असताना एका जनरलने सत्ता घेतल्याचं जाहीर केलं, पण दोन दिवसांत तो उठाव फसला. जुलैमध्ये निवडणूक झाली, न्कुरुन्झिझा जिंकले. मग रात्रीचे खून, बेपत्ता माणसं, छळ, आणि डिसेंबरमध्ये राजधानी बुजुम्बुरातल्या लष्करी ठाण्यांवर हल्ले झाल्यावर जी धरपकड आणि मारामारी झाली ती तर भयानक होती. २०१६ उजाडेपर्यंत दोन लाखांहून जास्त लोक देश सोडून टांझानिया, रवांडात गेले होते.

आणि याच काळात सोमालियात त्यांच्या जवानांवर काय वेळ होती? २६ जून २०१५ ला मोगादिशू ते बैदोआ रस्त्यावरच्या लीगो इथल्या बुरुंडीच्या छावणीवर अल-शबाबने हल्ला केला आणि छावणी घेतली, कित्येक डझन जवान मारले गेले. मिशनने मृतांचा नक्की आकडा जाहीर करायची पद्धतच ठेवली नव्हती. घरी राजधानीत गोळीबार, इकडे छावणी पडलेली, आणि गावाकडे बायकोला कुणी पक्कं सांगणारं नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये आणखी विचित्र पेच झाला. आफ्रिकन युनियनने ठरवलं की बुरुंडीत ५,००० जवानांची फौज पाठवायची, लोकांना वाचवायला. न्कुरुन्झिझा म्हणाले, आमच्या परवानगीशिवाय पाय ठेवलात तर तो हल्ला समजू आणि लढू. म्हणजे ज्या युनियनच्या झेंड्याखाली बुरुंडीचे ५,४०० जवान सोमालियात लढत होते तीच युनियन त्यांच्या देशात फौज पाठवायच्या गोष्टी करत होती. आता अशा सरकारला तुम्ही किती दुखावणार? जानेवारी २०१६ च्या शिखर बैठकीत बाकीच्या राष्ट्रप्रमुखांनी तो बेत गुंडाळला.

युरोपचं गणित वेगळं होतं. जानेवारी २०१६ पासून त्यांनी सगळ्याच देशांच्या जवानांच्या भत्त्यातला आपला वाटा २० टक्क्यांनी कमी केला, म्हणजे १,०२८ चे साधारण ८२२ झाले. याचा बुरुंडीतल्या हिंसेशी संबंध नव्हता, दुसरीकडे पण पैसे लागत होते आणि उरलेलं कुणीतरी दुसऱ्याने भरावं असं त्यांचं म्हणणं. दुसरा कुणी पुढे आला नाही. मग १४ मार्च २०१६ ला, कोटोनू कराराच्या (युरोपियन युनियनचा आफ्रिकी, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांशी असलेला करार) ९६ व्या कलमाखाली, म्हणजे मानवी हक्क मोडल्याच्या तक्रारीवरून, बुरुंडीशी चाललेली बोलणी निष्फळ ठरली म्हणून, युरोपियन युनियनने बुरुंडी सरकारला थेट दिली जाणारी मदत थांबवली. अमेरिकेने शांतिसैनिकांचं ट्रेनिंग २०१५ मध्येच थांबवलं होतं. आणि आता सरकारला थेट पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर मध्यवर्ती बँकेतून जाणाऱ्या भत्त्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. इथं गाडी अडकली ती अडकलीच.

थोडा हिशोब मांडून बघितला मी. ५,४०० जवान गुणिले ८२२ डॉलर म्हणजे महिन्याला ४४ लाखांच्या वर, वर्षाला सव्वापाच कोटी डॉलरच्या वर. यात सरकारची कपात जवानामागे २०० धरली तर वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख. बाकीचे चार कोटी जवानांचे. अर्थात सरकारला फायदा फक्त कपातीचा नव्हता, सगळेच डॉलर मध्यवर्ती बँकेतून जात असल्यामुळे परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला तो मोठा आधार होता. तरी पण सरकारचा हात पोचू नये म्हणून जे अडवलं गेलं त्यातला तीन चतुर्थांश पैसा सरकारचा नव्हताच. आपल्याकडे म्हणतात नाक दाबलं की तोंड उघडतं. इथं नाक जवानाचं दाबलं गेलं आणि तोंड उघडावं अशी अपेक्षा राष्ट्राध्यक्षांकडून होती.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पैसे नव्हते तेव्हा त्यांनी ड्युटी सोडली का?" नाही सोडली. २०१६ चं पूर्ण वर्ष बुरुंडीचे जवान आपापल्या भागात होतेच.

समोर काय काय पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे जसं चाललंय तसं चालू द्यायचं. सोमालियातलं काम थांबलं नसतं, पण मग निर्बंधाला काही अर्थ उरला नसता. ज्या सरकारच्या पोलिसांवर छळाचे आरोप होत होते त्याच सरकारच्या बँकेत दर महिन्याला डॉलर जात राहिले असते. युरोपातल्या करदात्याला हे सांगायचं कसं? मला वाटतं हा पर्याय नाकारला ते बरोबरच होतं.

दुसरा, आणि युरोपच्या मनातला, थेट जवानाच्या वैयक्तिक खात्यात पैसे. ऐकायला किती सरळ वाटतं, आपल्याकडे पण अनुदान थेट खात्यात येतंच की. पण आफ्रिकन युनियनचा करार जवानांशी नव्हता, बुरुंडी सरकारशी होता. सार्वभौम देशाचं सैन्य तुम्ही उसनं घेतलंय, त्या सैन्याला परस्पर पगार द्यायला लागलात तर तो सैनिक कुणाचा? बुरुंडी सरकारने हे सपशेल नाकारलं आणि आफ्रिकन युनियन पण मनातून राजी नव्हती, कारण उद्या हीच गोष्ट युगांडा किंवा केनियाच्या बाबतीत कुणी मागितली तर? इथं मी बराच वेळ अडकलो होतो. जवानाच्या बाजूने बघितलं तर थेट खातं सगळ्यात चांगलं. सैन्याच्या शिस्तीच्या बाजूने बघितलं तर परक्याकडून थेट पगार घेणारी पलटण ही कुठल्याही देशाला न झेपणारी गोष्ट आहे.

तिसरा, बुरुंडीला काढून दुसऱ्या कुणाला आणायचं. कागदावर सोपं. पण २०१६ मध्ये नवीन देश रांगेत उभे नव्हते, उलट भत्ता कापल्यावर युगांडाने पण आपण निघू असं बोलायला सुरुवात केली होती. आणि जागा रिकामी केली की काय होतं हे त्याच वर्षी दिसलं. ऑक्टोबरमध्ये इथियोपियाने तिएग्लो गावातून आपले सैनिक काढले आणि अल-शबाब लगेच आत शिरलं. बुरुंडीकडे मोगादिशूच्या उत्तरेला जोहरचा पट्टा होता, शबेले नदीच्या काठचा, राजधानीपासून ९० किलोमीटरवर. तो उघडा पडला असता तर पुढचा धोका थेट राजधानीला.

चौथा, यूएनने सगळ्या देशांच्या वर्गणीतून भत्ता द्यायचा. आफ्रिकन युनियन हे वर्षानुवर्षं मागत होती. पण सुरक्षा परिषदेत, मुख्यतः अमेरिकेच्या नाखुशीमुळे, हे पुढे सरकत नव्हतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत होणारं तर नक्कीच नव्हतं.

पाचवा पर्याय होता मधला. सरकारशी करार तसाच ठेवायचा पण पैसा मध्यवर्ती बँकेऐवजी एका खाजगी व्यापारी बँकेतून न्यायचा. शेवटी हाच निवडला गेला. माझा सगळा आक्षेप हाच आहे की जो पर्याय फेब्रुवारी २०१७ मध्ये चालला तो मार्च २०१६ मध्ये पण चालला असता.

काय घडलं, कुठे निर्णय झाले

पहिला निर्णयबिंदू मार्च २०१६ चा. निर्बंध जाहीर झाले त्या दिवशी भत्त्यासाठी पर्यायी रस्ता तयार नव्हता. नंतर शोधू, आफ्रिकन युनियन काहीतरी बघेल, असा एकंदर भाव दिसतो. मदत थांबवायचं ठरवणारे आणि मिशनचे हप्ते सोडणारे एकाच संस्थेतले पण वेगवेगळ्या खात्यांतले, आणि अशा वेळी काय होतं ते ज्याने कुठल्याही सरकारी ऑफिसात एक फाइल पुढे ढकलायचा प्रयत्न केलाय त्याला समजावून सांगायला नको. आणि हप्ता तर संकटाआधी पण वेळेवर यायचा नाही. हिशोब, पडताळणी, मग पुढचा हप्ता, असं करत काही महिने उशीर हा नेहमीचाच होता, त्यामुळे सुरुवातीचे तीन-चार महिने हे नेहमीचंच आहे की काही वेगळं आहे हे छावणीतल्या माणसाला कळायला पण मार्ग नव्हता.

जून २०१६ मध्ये यूएनने मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकातल्या आपल्या मिशनमधून बुरुंडीच्या पोलिसांच्या तुकड्या परत पाठवायचं ठरवलं, मायदेशात त्यांच्या दलावर जे आरोप होते त्यामुळे. यूएनने कारवाई केली ती ज्या दलावर आरोप होते त्या दलावर, तैनातीच्या पातळीवर. पैसे अडवून माणसं तिथंच ठेवली नाहीत. मला या दोन पद्धतींची तुलना महत्त्वाची वाटते, कारण दोन्हीकडे चिंता तीच होती पण झळ कुणाला लागली ते वेगळं.

दुसरा निर्णयबिंदू आफ्रिकन युनियनचा, आणि खरं सांगायचं तर तो निर्णय न घेण्याचा. एका बाजूला पैसे देणारा, दुसऱ्या बाजूला जवान देणारा, मध्ये हे, आणि स्वतःच्या खिशात दोन महिने तग धरायला पैसे नाहीत. जुलै २०१६ मध्ये किगालीच्या शिखर बैठकीत त्यांनी ठरवलं की सदस्य देशांनी आयातीवर ०.२ टक्के आकार लावायचा आणि त्यातून युनियनचा खर्च आणि शांतता निधी उभा करायचा. चांगला निर्णय, पण त्यातून जोहरमधल्या माणसाला त्या वर्षी काही मिळणार नव्हतं.

तिसरा निर्णयबिंदू बुजुम्बुराचा. सरकारने वर्षभर तक्रारी केल्या, मग जानेवारी २०१७ मध्ये माघारीचा आदेश काढला. ही नुसती धमकी होती का? माझ्या मते अर्धी होती. माघार घेतली असती तर सरकारचं पण नुकसान, ५,४०० चिडलेले, वर्षभराची थकबाकी असलेले, लढाईत तयार झालेले सैनिक एकदम घरी, आणि तेही अशा सैन्यात जिथं उठाव होऊन दोन वर्षं पण झाली नव्हती. न्कुरुन्झिझांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण समोरच्याला जोहर रिकामं व्हायची भीती जास्त होती हे पण त्यांना नीट माहीत होतं. ज्याच्या हातात माणसं आहेत त्याचं पारडं पैसेवाल्यापेक्षा जड ठरलं.

मग हालचाल झाली, आणि बघा किती पटकन झाली. आफ्रिकन युनियनचे शांतता आणि सुरक्षा आयुक्त स्माईल शेरगुई बुजुम्बुराला गेले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तोडगा निघाला की भत्ता बुरुंडीतल्या व्यापारी बँकेतून जवानांकडे जाईल. युरोपला म्हणता आलं की पैसा मध्यवर्ती बँकेत जात नाही. बुरुंडीला म्हणता आलं की आमच्या सैन्याला परस्पर कुणी पगार देत नाही. माघार रद्द झाली, थकलेले हप्ते सुटायला लागले. जे वर्षभर जमलं नाही ते आदेश निघाल्यावर महिनाभरात जमलं.

निष्पत्ती

तातडीचा प्रश्न सुटला हे मान्य करायलाच हवं. जोहरचा पट्टा उघडा पडला नाही, भत्ता परत सुरू झाला, आणि बुरुंडीचं सैन्य ज्या फुटीची सगळ्यांना धास्ती होती तशी फुटलं नाही.

पण निर्बंधाचा हेतू साधला का? नाही. मे २०१८ मध्ये घटनादुरुस्तीचं सार्वमत झालं, राष्ट्राध्यक्षाची टर्म पाचची सात वर्षांची झाली. न्कुरुन्झिझांनी बोलणी करावीत म्हणून जो दाब होता त्याचा भत्त्यापुरता तरी उलटाच परिणाम झाला, बाहेरचे लोक आपल्या जवानांचा घास काढतायत असं सांगायला सरकारला आयतं निमित्त मिळालं. ज्यांच्यावर छळाचा आरोप होता त्यातल्या कुणाचा पगार थांबला नाही, थांबला तो दुसऱ्या देशात पहारा देणाऱ्यांचा.

आणि विश्वास गेला तो गेलाच. सुरक्षा परिषदेने २०१७ मध्ये ॲमिसोम हळूहळू कमी करायचं ठरवलं, त्यातली १,००० जवानांची एक कपात फेब्रुवारी २०१९ अखेर करायची होती. आफ्रिकन युनियनने ती पूर्ण कपात बुरुंडीच्या वाट्याला टाकली. बुरुंडीचं म्हणणं, सगळ्या देशांनी आपापल्या प्रमाणात सोसावी, आम्हालाच का? न्कुरुन्झिझा आणि सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष फार्माजो यांनी मिळून शिखर बैठक घ्या अशी मागणी केली, संसदेत पूर्ण माघारीची भाषा झाली, पण कपात झाली. २०१७ मध्ये ज्या धमकीने सगळे धावत आले तिचा २०१९ मध्ये उपयोग झाला नाही. यामागे २०१६ चा राग होता असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण बुजुम्बुरात तो तसाच वाचला गेला यात शंका नाही.

पुढचं थोडक्यात. न्कुरुन्झिझा जून २०२० मध्ये वारले. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२२ मध्ये ९६ व्या कलमाचे निर्बंध उठवले. ॲमिसोमचं एप्रिल २०२२ मध्ये आत्मिस झालं, जानेवारी २०२५ मध्ये औसोम झालं, आणि या शेवटच्या मिशनमध्ये बुरुंडी नाही. सतरा वर्षांनी ते बाहेर पडले, आणि इजिप्त नवा आला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्रम. आधी रस्ता बदलायचा, मग निर्बंध लावायचे. व्यापारी बँकेचं खातं, त्यावर आफ्रिकन युनियनची देखरेख, जवानांच्या नावाची यादी आणि दर महिन्याला तिचा ताळा, हे सगळं दोन-तीन महिन्यांत बसवता आलं असतं, आणि कोटोनू करारानुसारची बोलणी डिसेंबर २०१५ मध्येच सुरू झाली होती म्हणजे तेवढा वेळ हातात होता पण. मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं की ब्रसेल्समध्ये कुणीतरी एकाने जरी विचारलं असतं की एप्रिलचा हप्ता कसा जाणार, तरी पुढचं टळलं असतं.

दुसरं, कपात आणि भत्ता वेगळे करणं. सरकार जे जवानामागे २०० डॉलर घेत होतं ते आणि जवानाचा हिस्सा, दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळे हप्ते. सरकारवर दाब आणायचाय तर सरकारची ओळ रोखा. यावर एक आक्षेप येतो तो रास्त आहे, की सरकार मग जवानाच्या हिश्शातून दुसऱ्या नावाने कापून घेईल. घेईलही. म्हणून तर खातं आणि यादी तपासणारा तिसरा माणूस हवा, आणि तो २००७ च्या पहिल्या करारातच लिहायला हवा होता, भांडण झाल्यावर तो कुणी लिहू देत नाही.

तिसरं जवानांना सांगण्याबद्दल. या पूर्ण वर्षात पैसे का अडकलेत, किती अडकलेत, कधीपर्यंत सुटतील, हे छावणीत अधिकृतपणे सांगायची जबाबदारी नक्की कुणाची होती तेच ठरलेलं नव्हतं. युरोप म्हणणार आमचा संबंध युनियनशी, युनियन म्हणणार आमचा करार सरकारशी, आणि सरकारला युरोपने अडवलं एवढंच सांगण्यात फायदा. बटालियनमध्ये दर महिन्याला एक साधी नोटीस, इतके महिने बाकी, पैसे अमुक ठिकाणी आहेत, एवढं जरी लागलं असतं तरी गावाकडे फोन करताना माणसाला काहीतरी सांगता आलं असतं. याला पैसे पण लागत नव्हते.

चौथ्या गोष्टीवर माझं मत अजून पक्कं नाही. एकाच दात्याच्या पैशावर भत्ता ठेवायचा का? यूएनच्या सगळ्या सदस्यांच्या वर्गणीतून दिला तर एका राजधानीतल्या निर्णयाने तो थांबत नाही हे खरं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेने २७१९ क्रमांकाचा ठराव केला, त्यानुसार आफ्रिकन युनियनच्या मिशनचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च अशा वर्गणीतून करता येतो. पण प्रत्येक मिशनसाठी परिषदेने वेगळी मंजुरी द्यायची आहे, आणि सोमालियासाठी अमेरिका तयार झाली नाही. म्हणजे पूर्वी एका दात्याच्या मर्जीवर होतं ते आता नकाराधिकार असलेल्या एका सदस्याच्या मर्जीवर आलं, आणि औसोमच्या पहिल्या वर्षातच पैशाची तूट आणि थकलेले भत्ते हा विषय परत अदिस अबाबाच्या टेबलावर होता, फक्त या वेळी जवान युगांडा, केनिया, इथियोपिया, जिबूती आणि इजिप्तचे.